एआयएस रिसीव्हर: अकरा मैलांपुढची जहाजं दिसत नाहीत, आणि संध्याकाळी जवळचीही गळतात

खाडीकाठी

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात वेळणेश्वरच्या बाजूला, समुद्रापासून दीडशे मीटरवर एआयएस (जहाजं आपली जागा आणि नाव रेडिओवरून सांगतात ती यंत्रणा) ऐकणारा रिसीव्हर लावला आहे. मांडणी अशी: टीसीएक्सओ (फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारं घड्याळ) असलेलं आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीवर चालणारा रेडिओ रिसीव्हर (आर८२०टी२ ट्यूनर), रास्पबेरी पाय ३बी प्लस हा छोटा संगणक, त्यावर संदेश उलगडणारं एआयएस-कॅचर सॉफ्टवेअर. अँटेना म्हणजे डोंगलसोबत येते ती दोन ओढदांड्यांची डायपोल, दोन्ही दांड्या ४४ सेंमीवर ओढून कौलांच्या वर जीआय पाइपला उभी बांधली आहे. समुद्रसपाटीपासून उंची १२ मीटर. तिथून माजघरातल्या पायपर्यंत २५ मीटर आरजी-५८ केबल. गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतं तो आकडा, सगळ्यात वर, ४९.६.

अडचणी चार. पश्चिमेला ११ सागरी मैलांपलीकडे काहीच दिसत नाही. संध्याकाळी सात वाजले की मिनिटाला येणारे संदेश निम्म्याहून खाली येतात आणि रात्री अकरानंतर पुन्हा चढतात. जयगडला नांगरलेली जहाजं जेमतेम १० किमीवर असूनही कधीच दिसत नाहीत. आणि काही जहाजांचा नुसता नंबर येतो, नाव येत नाही.

आधी एलएनए (कमजोर सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर) घेऊ की चांगली अँटेना? घराला लागूनच माडांची बाग आहे, त्याचा त्रास होत असेल का? पाऊस सुरू व्हायच्या आत वरचं काम आटपायचं आहे.

सडेकर

तूर्तास काहीच विकत घेऊ नका. आधी हिशेब मांडून पाहा, म्हणजे दुखणं कुठे आहे ते कळेल.

एआयएस चालतं १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर. इथे पोहोच ठरते ती क्षितिजावरून. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, त्याला ४.१२ ने गुणायचं, की किलोमीटर मिळतात. तुमची १२ मीटर उंची म्हणजे १४.३ किमी. मोठ्या जहाजाची अँटेना ३० मीटरवर धरली तर २२.६ किमी. बेरीज ३६.९ किमी, म्हणजे जवळपास २० सागरी मैल. मोठं जहाज तुम्हाला २० मैलांपर्यंत दिसायलाच हवं. ११ वर अडताय याचा अर्थ कमतरता उंचीची नाही.

आता ताकद पाहू. क्लास ए ट्रान्सपाँडर (मोठ्या जहाजावरचं एआयएस पाठवणारं यंत्र) १२.५ वॅट सोडतो, म्हणजे ४१ डीबीएम (ताकद मोजायचं एकक; उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर). समुद्रावर थेट लहर आणि पाण्यावरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना कापतात, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की सिग्नल १२ डीबीने पडतो. हे सगळं धरूनही १० मैलांवरचं जहाज तुमच्या अँटेनाशी साधारण −७८ डीबीएमने येतं. रिसीव्हरला −१०७ च्या आसपास पुरतं. तुमच्या केबलमध्ये ५ डीबी जातात ते वजा केले तरी वीसेक डीबी शिल्लक राहतात. एवढी शिल्लक असून सिग्नल हरवतोय, म्हणजे एक तर गोंगाट भरपूर आहे नाही तर डोंगल कोंडलं जातंय. दोन्हींवर एलएनए हे औषध नाही. दुसऱ्यात तर दुखणं वाढेल.

जयगडचं कोडं साधं आहे. तुमच्या आणि जयगडच्या मधे हेदवीकडचे डोंगर समुद्रापर्यंत उतरलेत. १६२ मेगाहर्ट्झची लहर डोंगराच्या कडेवरून थोडी वाकते, पण पायथ्याशी बसलेल्या अँटेनापर्यंत पोहोचत नाही. कुठलाही खर्च करून ती जहाजं वाडीतून दिसणार नाहीत, त्यासाठी वर सड्यावरच (डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर) जावं लागेल. ८० मीटरच्या सड्यावर अँटेना नेली तर क्षितिजाचा हिशेब ३२ मैलांवर जातो.

माडांचं म्हणाल तर अँटेना झावळ्यांच्या आत असेल तरच त्रास, आणि ओल्या झावळ्यांचा कोरड्यांपेक्षा जास्त. पश्चिमेची बाजू मोकळी ठेवा, पुरे.

नावाबद्दल: जागेची माहिती चालतं जहाज २ ते १० सेकंदांनी देतं, नांगरलेलं ३ मिनिटांनी. नाव, लांबी-रुंदी, कुठे निघालंय ही माहिती मात्र संदेश क्रमांक ५ मध्ये असते आणि तो ६ मिनिटांतून एकदाच येतो. शिवाय तो एका स्लॉटमध्ये (संदेशासाठी ठरलेल्या क्षणभराच्या वेळेत) मावत नाही, लागोपाठ दोन स्लॉट घेतो. त्यातला एक बिट बिघडला तरी सगळा संदेश फेकला जातो. म्हणून सिग्नल काठावर असला की सगळ्यात आधी नाव जातं. गोंगाट कमी झाला की नावं आपोआप येतील.

गोंगाटमापी

सडेकरांचं निदान पटतं. तुमच्याच मजकुरात दोन खुणा आहेत: गेन ४९.६ आणि संध्याकाळचे सात.

आधी गेन. ४९.६ हा ट्यूनरचा कमाल आकडा आहे. घराच्या मागे टेकडीवर मोबाईल टॉवर असेल किंवा एफएमचा जोरदार सिग्नल पोहोचत असेल, तर ट्यूनर तिथेच भरून जातो आणि मधला कमजोर सिग्नल दबतो. कृती अशी: दुपारच्या वेळी, वाहतूक स्थिर असताना, गेन ४९.६ वर १५ मिनिटं चालवा आणि मिनिटाचे संदेश लिहून ठेवा. मग ४०.२, ३६.४, ३२.८, २८.० अशा पायऱ्यांनी उतरत प्रत्येकी १५ मिनिटं. बहुतेक ठिकाणी आकडा आधी वाढतो, मग सपाट राहतो, मग पडतो. सपाट भागातला खालचा गेन धरायचा. आरटीएल एजीसी (गेन आपोआप बदलणारी सोय) या काळात बंद ठेवा, नाहीतर आपण काय मोजतोय तेच समजणार नाही. तरीही भरून जात असेल तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा एफएम फिल्टर डोंगलच्या तोंडाशी लावा. एलएनएच्या आधी याचा नंबर लागतो.

एआयएस-कॅचरला मोठा एन हा पर्याय ८१०० पोर्टसह दिला की ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडतं. तिथे दोन गोष्टी बघा. एक, पीपीएम, म्हणजे डोंगलच्या फ्रिक्वेन्सीत दहा लाखांत किती चूक आहे ते. टीसीएक्सओ असल्याने तो शून्याच्या आसपास हवा. साध्या डोंगलमध्ये ५० पीपीएमची चूक सापडते, म्हणजे १६२ वर तब्बल ८ किलोहर्ट्झ, आणि चॅनल आहे २५ किलोहर्ट्झ रुंदीचा. दुसरं, चॅनल ए आणि बी (एआयएसच्या दोन फ्रिक्वेन्सी) यांची मोजणी. जहाजं आळीपाळीने दोन्हींवर बोलतात, म्हणून आकडे जवळजवळ सारखेच यायला हवेत. एक चॅनल निम्म्यावर असेल तर त्याच फ्रिक्वेन्सीवर कुणाचं तरी उपकरण गुणगुणतंय.

आता सातची गोष्ट. दिवे लागतात तेव्हा लागतो तो हा गोंगाट. एलईडी बल्ब, फ्लडलाइट, मोबाईल चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांच्या पोटात स्विचिंग सप्लाय असतो आणि स्वस्तातल्यांमध्ये त्याचा फिल्टर गाळलेला असतो. तपासणी सोपी आहे. संध्याकाळी साडेसातला पाय पॉवर बँकेवर लावा, लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, आणि घराचा मेन स्विच १० मिनिटं बंद करा. संदेश चढले तर दोषी तुमच्या घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा. काहीच फरक पडला नाही तर गोंगाट शेजारचा किंवा खांबावरचा समजा.

पायचा चार्जरही सोडू नका. मोबाईलचा चार्जर नको, ५.१ व्होल्ट २.५ अँपिअरचा खास सप्लाय घ्या. व्होल्टेज खाली गेलं की डोंगल मधेच यूएसबीवरून सुटतं आणि लोक अँटेनाला दोष देत बसतात. डोंगल थेट पायमध्ये न खोचता अर्ध्या मीटरच्या यूएसबी वायरवर लांब ठेवा, वायरवर फेराइटची कडी चढवा.

पितळीसळी

एलएनएला सरसकट नाही म्हणू नये असं मला वाटतं. २५ मीटर आरजी-५८ असेल तर केबलच्या ५ डीबीमुळे दोन तृतीयांश ताकद वाटेतच जाते. फिल्टर असलेला एलएनए अँटेनापाशी बसवला तर ते नुकसान भरून निघतं. मात्र तो अँटेनाच्या बुडाशीच हवा, डोंगलपाशी नव्हे. खाली बसवला तर तो सिग्नलइतकाच केबलचा गोंगाटही वाढवतो.

पण त्याआधी निम्म्याहून कमी पैशांत केबल बदला. टीव्हीची आरजी-६ घ्या. ती ७५ ओमची आहे म्हणून लोक बिचकतात. ५० च्या जागी ७५ लावल्याने फक्त ०.२ डीबी जातो, रिसीव्हिंगला तो नगण्य आहे. उलट २५ मीटरमध्ये आरजी-६ जेमतेम पावणेदोन डीबी खाते. घेताना जाळी दाट आहे ना ते सोलून बघा. हलक्या केबलमध्ये जाळीच्या मोजक्या तारा आणि बाकी नुसतं फॉइल असतं, ते खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत राख होतं. एफ-कनेक्टर दाबून बसवायचे घ्या, पिळायचे नकोत.

अँटेना घरीच करा. ओढदांड्यांची डायपोल वाऱ्यात सैल होते आणि सांध्यांत मीठ शिरतं. त्यापेक्षा पाव तरंगलांबीची ग्राउंड प्लेन चांगली. लागणारं सामान: चार भोकांचं एसओ-२३९ सॉकेट, ३ मिमी जाडीची पितळी सळी अडीच मीटर, ३ मिमीचे स्टेनलेसचे चार बोल्ट. मधली सळी ४६ सेंमीची कापून सॉकेटच्या वाटीत झाळा. बारीक सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, ६० वॅटच्या वरचं लागतं, नाहीतर झाळ वरवर चिकटते आणि पहिल्या वादळात सळी हातात येते. चार खालच्या सळ्या ४८ सेंमीच्या, टोकाला डोळा वळवून बोल्टने सॉकेटच्या भोकांना आवळा आणि ४५ अंश खाली वाकवा. आडव्या ठेवल्या तर रोध ३६ ओमच्या आसपास राहतो, वाकवल्या की ५० ला येतो.

मग नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावून मधली सळी कापत जा. १ सेंमी कापलं की अनुनाद साधारण ३.७ मेगाहर्ट्झ वर सरकतो, म्हणून शेवटी कानसने २-२ मिमी घासा. १६२ ला एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते तो आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळली) १.५ च्या खाली आला की थांबा. हे मोजमाप ५० ओमच्या आखूड वायरवरच करा. आरजी-६ च्या दुसऱ्या टोकाला मोजलंत तर केबल आकडे फिरवते आणि चांगली अँटेना वाईट दिसते. मीटर नसेल तर सळी सॉकेटच्या वर ४४ सेंमी ठेवा, रिसीव्हिंगला चालून जातं.

एक काळजी घ्या. पितळेला ॲल्युमिनियम चिकटवू नका. खाऱ्या दवात दोन्हींची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन गळतं.

खाडीकाठी

मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं. गेन ३२.८ ला सगळ्यात जास्त संदेश येतात, पश्चिमेला पहिल्यांदा १७ मैलांवरचं जहाज दिसलं. मेन स्विचच्या चाचणीत दोषी सापडला: पडवीतला एलईडी फ्लडलाइट. तो बदलला, संध्याकाळची गळती जवळपास थांबली. काही जहाजांना नावंही आली.

आता आरजी-६ आणि पितळी अँटेना करतो. पण पाइप आणखी ६ मीटर वर न्यायचा विचार आहे, म्हणजे विजेचं काय? आमच्याकडे जांभा आहे, दोन फुटांखाली दगडच लागतो. आणि ही माहिती जगाला पाठवणं योग्य आहे का, कुणाला विचारावं लागतं का?

तारमिस्त्री

१२ वरून १८ मीटर केल्याने क्षितिज फक्त पावणेदोन मैलांनी वाढेल, पण सिग्नल साडेतीन डीबीने चढेल. करण्यासारखं आहे, ताण मात्र नीट द्या. ६ मीटर मोकळ्या पाइपला तीन दिशांना १२० अंशांवर ताण, दोन टप्प्यांत. नायलॉनची दोरी उन्हाने भुसभुशीत होते, प्लॅस्टिक चढवलेली स्टीलची तार घ्या. वानरांचा वावर असेल तर ताणाच्या तारा झाडांपासून दूर ठेवा, नाहीतर त्यांना वर जायला वाटच मिळते.

जांभ्यात नुसता रॉड ठोकून अर्थिंग होत नाही. रॉड वाकतो किंवा भेगेत लोंबकळतो आणि मातीशी संपर्कच राहत नाही. विहिरीच्या किंवा न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या बाजूला, जिथे उन्हाळ्यातही ओल टिकते तिथे, दीड-दोन मीटर खड्डा खणा. तांब्याची पट्टी किंवा पत्रा उभा ठेवून भोवती बेंटोनाइट किंवा बागेतली चिकट माती कुटून भरा. वर पाणी घालायला पाइप ठेवा आणि मार्च ते मे दर आठवड्याला बादलीभर ओता. पाइपच्या बुडापासून खड्ड्यापर्यंत तांब्याची जाड पट्टी सरळ न्या, काटकोनी वळणं टाळा. हे अर्थिंग आणि घराचं अर्थिंग एकमेकांना जोडाच. वेगवेगळं ठेवलं तर विजेच्या वेळी दोन्हींतला व्होल्टेजचा फरक पाय आणि डोंगलमधून वाट काढतो.

केबल घरात शिरते तिथे भिंतीबाहेर गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारा) लावा. हे सगळं जवळपास पडलेल्या विजेसाठी आहे, थेट पाइपवर पडली तर काही वाचत नाही. म्हणून वळवाच्या गडगडाटात केबल डोंगलमधून सोडवून खिडकीबाहेर टाकायची सवय लावा. मे-जून आणि ऑक्टोबरच्या दुपारी विशेष.

पाणी सगळ्यात जास्त सेट मारतं. अँटेनाच्या खालचा जोड उघडून बघितला की काय होतं ते दिसतं: मधल्या तारेवर हिरवा लेप, जाळी काळी पडलेली, आणि केबल टोकाला धरून झटकली तर थेंब उडतो. जाळी वातीसारखं पाणी ओढते, ते कित्येक मीटर आत जातं, मग टोक कापून उपयोग होत नाही, पूर्ण केबल टाकावी लागते. जोडावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप, ताणून, खालून वर गुंडाळत जा, म्हणजे थर कौलांसारखे एकमेकांवर बसतील. तिच्यावर उन्हापासून राखायला साधी काळी टेप. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली वळसा द्या, पाणी वळशाच्या तळाशी गळून जाईल. भिंतीतलं भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा.

पाय बंद डब्यात ठेवताना तळाला जाळी लावलेलं छोटं भोक ठेवा. पूर्ण हवाबंद डब्यात रात्री आतल्या आतच दव साचतं. लॉग मेमरी कार्डावर लिहू देऊ नका, रॅममध्ये ठेवा. वीज सतत जाते-येते तिथे कार्ड सगळ्यात आधी मरतं.

सडेकर

शेवटच्या प्रश्नाबद्दल. एआयएस उघड्यावर, न लपवता बोललं जातं, टक्कर टळावी म्हणून. तरी आपल्याकडे वायरलेस उपकरण बाळगण्यालाही १९३३ च्या कायद्यापासून परवान्याची अट होती, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्याचा विषय आहे. तेव्हा दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाकडे लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पाइप उभा करण्याआधी जवळच्या सागरी पोलीस ठाण्यात जाऊन काय लावतोय ते सांगा. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठी स्फोटकं उतरवली गेली ते किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही. अनोळखी अँटेना दिसल्यावर विचारणा होणारच, आणि ती व्हायलाच हवी. ट्रान्सपाँडर घरी जोडून 'चालतो का बघू' हे मात्र कधीही करू नका. ते खोटं जहाज नकाशावर उभं करणं आहे.

इंटरनेटवर देण्याबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुरक्षा समितीने डिसेंबर २००४ मध्येच म्हटलं होतं की जहाजांची एआयएस माहिती वेबवर प्रसिद्ध करणं जहाजांच्या आणि बंदरांच्या सुरक्षेला बाधक ठरू शकतं. तरीही आज मरीनट्रॅफिक, एआयएसहब यांच्याकडे जगभरातून माहिती जाते. माझं मत: परवानगीचं उत्तर हाती येईपर्यंत माहिती घरच्या नेटवर्कवरच ठेवा. एआयएस-कॅचरमधून यूडीपीने १०११० पोर्टवर सोडा आणि लॅपटॉपवर ओपनसीपीएन या सागरी नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. शिकायला तेवढं भरपूर आहे.

नंबर वाचायला शिका. ४१९ ने सुरू होणारं जहाज भारताचं, ००४१९ म्हणजे किनाऱ्यावरचं केंद्र, ९९ म्हणजे बोया किंवा दीपगृह. ९७० ने सुरू होणारा नंबर शोध-बचावाच्या ट्रान्समीटरचा, ९७२ माणूस पाण्यात पडल्याचा, ९७४ ईपर्बचा (जहाज संकटात असल्याचं कळवणाऱ्या उपकरणाचा). यातलं काही दिसलं तर चाचणी असेल असं धरून सोडू नका. वेळ आणि जागा टिपा आणि लगेच तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन लावा.

आणि जे दिसत नाही तेही ध्यानात असू द्या. आपल्या बहुतेक मासेमारी होड्या एआयएसवर नाहीत. २०२४ पासून होड्यांवर जे ट्रान्सपाँडर बसवले जात आहेत ते उपग्रहाशी बोलतात, तुमच्या अँटेनाला ते ऐकू येत नाहीत. ज्यांच्याकडे क्लास बी (छोट्या होड्यांसाठीचा एआयएस ट्रान्सपाँडर) आहे त्यांतले बरेच २ वॅटचे, अँटेना पाण्यापासून ४ मीटरवर, म्हणजे तुमच्या १२ मीटरवरून १२ मैल हीच त्यांची हद्द. नकाशा रिकामा आहे म्हणून समुद्र रिकामा आहे असं मानून कुणाला होडी घालायचा सल्ला देऊ नका.

एखाद्या दिवशी, विशेषतः पावसाळा सोडून, एकदम शंभर-दोनशे मैलांवरची जहाजं दिसली तर गोंधळू नका. पाण्यालगतच्या दमट हवेवर कोरडी हवा बसली की लहर त्या थरात अडकून दूर जाते. त्याच वेळी जवळचे संदेश कमी झाल्यासारखे वाटतील, कारण एकमेकांना न ऐकणारी दोन जहाजं एकाच स्लॉटमध्ये बोलतात आणि तुमच्याकडे दोन्ही आदळतात. चॅनलला मिनिटाचे २,२५० स्लॉटच असतात. सड्यावर केंद्र नेल्यावरही हेच होतं, तिथे हा दोष समजून गेन वाढवत बसू नये.

सड्याचा विचार पुढे केलात तर पाय झिरो २ डब्ल्यू, डोंगल आणि ४जी मोडेम मिळून ४ वॅट धरा, दिवसाला ९६ वॅट-तास. चार दिवस मळभ राहिलं तर ३८४, आणि लेड-ॲसिड बॅटरी अर्धीच वापरायची म्हणून १२ व्होल्टची ८० अँपिअर-तासाची घ्या, वर १०० वॅटचं पॅनल. तिथे ताण तिप्पट मजबूत हवेत, जूनमधला सड्यावरचा वारा वाडीतल्या वाऱ्यासारखा नसतो.

खाडीकाठी

समजलं. या रविवारी केबल आणि अँटेना, पुढच्या आठवड्यात खड्डा. पोलीस ठाण्यात उद्याच जातो. अँटेना घासून झाली की १६२ चा एसडब्ल्यूआर इथे टाकतो.